कोपराला लावलेला गूळ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्या मराठीत कोपर दोन ठिकाणी हमखास भेटतं. एखाद्याशी पुन्हा संबंध नको असला, की आपण त्याला कोपरापासून हात जोडतो. आणि न मिळणाऱ्या गोष्टीची कुणी आशा दाखवली, की त्याने आपल्या कोपराला गूळ लावला असं म्हणतो. गूळ डोळ्यांना दिसतो, त्याचा वासही येतो, पण आपली जीभ आपल्याच कोपरापर्यंत काही पोचत नाही.

आज बोलायचं आहे ते खऱ्याखुऱ्या कोपराविषयी, त्याच्या हट्टी दुखण्याविषयी आणि गेल्या वीसएक वर्षांत त्यावर आलेल्या एका इंजेक्शनाविषयी. त्याचं नाव ‘प्लेटलेट रिच प्लाझ्मा’, थोडक्यात पीआरपी. आपल्याच रक्तातून काढायचं आणि आपल्याच कोपरात टोचायचं, असं हे औषध.

मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. कुणाला औषध सांगण्याचा अधिकार मला नाही. पण औषधाविषयी प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक रोग्याला आणि त्याच्या घरच्यांना असतो. तेवढ्याच अधिकाराने बोलतो आहे.

आधी दुखणं समजून घेऊ. कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. मनगट वर उचलणारे स्नायू तिथे येऊन बांधलेले असतात. स्नायूला हाडाशी बांधणारी जी चिवट दोरी असते, तिला कंडरा म्हणतात. ही कंडरा वर्षानुवर्षं त्याच त्या ताणाने आतून विस्कटू लागते. मग कपडे पिळताना, तवा उचलताना, कणीक मळताना, दाराची कडी फिरवताना कोपरातून कळ निघते आणि थेट मनगटापर्यंत जाते. चहाचा कप उचलणंसुद्धा जड होतं.

याला म्हणतात टेनिस एल्बो. हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला तो सचिन तेंडुलकरमुळे. २००४ साली त्याचं डावं कोपर दुखू लागलं आणि मे २००५ मध्ये लंडनला त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. ऑक्टोबर २००५ मध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध तो परतला आणि ९३ धावा काढून गेला. त्या दिवसांत चहाच्या टपरीवरही लोक कोपराची चर्चा करत होते.

पण हे दुखणं होणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आयुष्यात टेनिसची रॅकेट हातात धरलेली नसते. या दुखण्याचं वर्णन वैद्यकात पहिल्यांदा आलं ते १८७३ साली, रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टरांच्या लेखात, आणि तो लेख होता लिहिणाऱ्यांच्या हाताला येणाऱ्या पेटक्यांविषयी. म्हणजे खेळाडूंच्या आधी हे दुखणं आम्हा लेखणीवाल्यांच्या नावावर जमा होतं! टेनिसचं नाव त्याला पुढे १८८२ च्या सुमारास इंग्लंडात चिकटलं. साधारण चाळीस ते पन्नास या वयात ते जास्त दिसतं. गवंडी, सुतार, रंगारी, शिंपी, स्वयंपाकघरात राबणाऱ्या बायका असे हाताने काम करणारे लोक त्यात पुष्कळ असतात. ज्यांचं हातावर पोट, त्यांच्याच हातावर हे येतं.

माझ्या थोरल्या बहिणीचंच उदाहरण सांगतो. आम्ही सगळे तिला आपा म्हणतो. ती मिरजेला राहते, ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस शिवते. मेहुणे गेल्यापासून घर त्या मशिनवर चालतं. तिचं उजवं कोपर २०२२ च्या दिवाळीपासून दुखू लागलं. मशिनपेक्षा कात्री तिला जास्त त्रास द्यायची. अस्तर आणि कापड एकत्र धरून कापायला लागली, की तोंडातून ‘या अल्ला’ निघायचं.

शिंप्याच्या घरी रमजान म्हणजे काय, ते शिंप्यालाच ठाऊक. ईदच्या आधीच्या महिन्यात जे काम येतं, त्यावर पुढचे तीन महिने निघतात. तेव्हा ‘हाताला आराम द्या’ हा सल्ला ऐकायला जितका सोपा, तितका पाळायला अवघड. २०२३ च्या रमजानच्या तोंडावर आपाने कोपरात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं. आठवडाभरात दुखणं पळालं. ईदचे सगळे कपडे वेळेवर गेले. आणि बकरीदच्या सुमारास तेच दुखणं परत आलं, आधीपेक्षा तिखट होऊन.

आपाला वाटलं, आपलंच नशीब खोटं. पण हा अनुभव तिचा एकटीचा नव्हता. ऑस्ट्रेलियात १९८ रोग्यांवर एक अभ्यास झाला आणि तो २००६ साली प्रसिद्ध झाला. काहींना स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, काहींना फिजिओथेरपी, आणि काहींना नुसतं थांबायला सांगितलं. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले सगळ्यांत पुढे होते. त्यांच्यातल्या ७८ टक्के लोकांना बरं वाटत होतं. पण नंतर त्या बऱ्या झालेल्यांपैकी ७२ टक्के लोकांचं दुखणं उलटलं. वर्ष सरताना इंजेक्शनवाले सगळ्यांत मागे पडले होते, आणि ज्यांनी फक्त वाट पाहिली ते जवळजवळ फिजिओथेरपीवाल्यांच्या बरोबरीला आले होते.

असं का व्हावं? पूर्वी समज असा होता, की कोपरात सूज आहे, दाह आहे. स्टेरॉइड दाह शमवतं, म्हणून ते द्यायचं. पण अमेरिकेतले शल्यचिकित्सक निर्शल आणि त्यांचे सहकारी यांनी १९७९ च्या सुमारास शस्त्रक्रियेत काढलेला कंडरेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तिथे दाहाच्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. होते ते विस्कटलेले, उसवलेले धागे. आपाच्या भाषेत सांगायचं, तर कापड जळत नव्हतं, जुनं होऊन विरत होतं. ज्या ठिकाणी आग नाही तिथे पाणी ओतून किती दिवस भागणार?

इथूनच पीआरपीची कल्पना पुढे येते, आणि ती कल्पना सुंदर आहे. कंडरेला मुळात रक्तपुरवठा कमी. म्हणून तिची डागडुजी सावकाश होते. रक्तात प्लेटलेट असतात. डेंग्यूच्या साथींनी हा शब्द आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आणला आहे. ‘प्लेटलेट किती?’ असं आता आजीसुद्धा विचारते. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात त्या दीड लाख ते साडेचार लाख असतात. इटलीच्या बिझोझेरो यांनी १८८२ साली दाखवून दिलं, की जखमेवरची गुठळी धरण्याचं काम त्या करतात. पुढे कळलं, की त्यांच्या पोटात बारीक कण असतात आणि पेशींना वाढायला, जखम भरायला सांगणारी द्रव्यं त्या कणांत साठवलेली असतात.

मग विचार असा झाला: रोग्याच्या हातातून तीसएक मिलिलिटर रक्त घ्यायचं. ते यंत्रात गरागरा फिरवायचं. ताक घुसळल्यावर लोणी वेगळं व्हावं तसे त्याचे थर वेगळे होतात. तांबड्या पेशी तळाला बसतात. प्लेटलेटनी भरलेला पिवळसर द्रव काढून घ्यायचा. तीस मिलिलिटरमधून तो तीनेक मिलिलिटर निघतो. आणि तो दुखऱ्या कंडरेत टोचायचा. जिथे रक्त पोचत नाही तिथे रक्तातलं सत्त्व पोचवायचं. जबड्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियांत १९९८ च्या सुमारास ही युक्ती गाजली आणि तिथून ती सांध्यांकडे आली.

कोपरासाठीचा पहिला गाजलेला अभ्यास २००६ साली अमेरिकेत झाला. मिश्रा आणि पावेल्को या दोघांनी तो केला. त्यात रोगी किती? वीस. पंधरांना पीआरपी, पाच जणांना नुसतं बधिर करण्याचं औषध. आठ आठवड्यांनी पीआरपीवाल्यांचं दुखणं सरासरी ६० टक्क्यांनी उतरलं, बाकीच्यांचं १६ टक्क्यांनी. आशा वाढली. २००९ मध्ये अमेरिकन फुटबॉलचे हाइन्स वॉर्ड यांनी गुडघ्यासाठी पीआरपी घेतलं आणि मोठा सामना खेळले. खेळाडूंची नावं जोडली गेली, की औषधाला पाय फुटतात. हळूहळू ते आपल्या जिल्ह्याच्या गावांतही आलं. गुडघ्याला पीआरपी, खांद्याला पीआरपी, टकलावर केस यायला पीआरपी, चेहरा उजळायलाही पीआरपी.

२०२३ च्या पावसाळ्यात आपालाही ते सुचवलं गेलं. दोन इंजेक्शनं घ्या म्हणाले. त्यांचा खर्च म्हणजे तिच्या दोन महिन्यांच्या शिलाईची कमाई. ते पैसे तिच्याकडे होते, पण भाचीच्या नर्सिंग कॉलेजच्या फीसाठी बाजूला ठेवलेले. दवाखान्यातून मिळालेल्या पत्रकावर ठळक लिहिलं होतं, की तुमचंच रक्त हेच तुमचं औषध.

श्रोतेहो, ही ओळ वाचून मी थबकलो. कवी म्हणून सांगतो, ओळ चांगली आहे. रक्त या शब्दात केवढं काय साठलं आहे! रक्ताचं नातं, रक्ताचं पाणी करणं, रक्त आटवणं. आपलंच रक्त आपल्याला दगा देणार नाही, असं मनाला वाटतंच. शिवाय रसायन नाही, परकं काही नाही, सगळं घरचं. पण जी ओळ इतकी पटकन पटते, तिच्यापाशी जरा थांबावं असं माझं वय मला सांगतं. कविता पटली तर बिघडत काही नाही. इथे भाचीची फी पणाला होती.

थांबवलं मात्र भाचीनेच. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिने एकच प्रश्न विचारला. म्हणाली, ‘‘मामू, हे बरं आहे म्हणतात ते कशापेक्षा बरं?’’

हा प्रश्न मला इतका आवडला, की आजचं सगळं भाषण त्याच्याभोवतीच आहे असं समजा.

पीआरपीच्या बाजूने नेहमी एक डच अभ्यास सांगितला जातो. २०१० साली प्रसिद्ध झालेला, शंभर रोग्यांचा. वर्षभराने दुखण्यात पीआरपीवाल्यांपैकी ७३ टक्के लोकांना चांगला उतार होता आणि दुसऱ्या गटात ४९ टक्क्यांना. आकडे खरे आहेत. पण तो दुसरा गट कोणाचा होता? स्टेरॉइड घेतलेल्यांचा. आणि स्टेरॉइडवाले वर्षअखेर मागे पडतात हे आपण आताच पाहिलं. जो धावता धावता लंगडू लागतो, त्याच्याशी शर्यत लावली तर कुणीही पुढे जाईल. पीआरपी पुढे गेलं, की स्टेरॉइड मागे पडलं? एवढ्यावरून ते कळत नाही.

ते कळायचं तर पीआरपीची तुलना अशा इंजेक्शनाशी करायला हवी, ज्यात औषधच नाही. म्हणजे साधं मिठाचं पाणी, आणि तेही कुणाला काय टोचलं हे रोग्याला कळू न देता. असे अभ्यास झाले. डेन्मार्कमध्ये २०१३ साली साठ रोग्यांचा झाला, फिनलंडमध्ये २०२० साली ११९ रोग्यांचा. दोन्हीकडे पीआरपी आणि मिठाचं पाणी यांत नाव घेण्यासारखा फरक निघाला नाही. मग २०२१ मध्ये कॉक्रेन या संस्थेने जगभरचे ३२ अभ्यास, २,३३७ रोग्यांचे, एकत्र करून तपासले. त्यात औषध नसलेल्या इंजेक्शनाशी ज्यांनी तुलना केली होती, त्यांचा हिशेब असा: दुखण्याला दहापैकी गुण दिले, तर खोट्या इंजेक्शनानंतर सरासरी ३.७ गुण दुखणं उरलं. रक्ताचं किंवा पीआरपीचं इंजेक्शन घेतलेल्यांचं त्याहून ०.१६ गुणाने कमी. एका गुणाचा सहावा हिस्सा. कात्री धरणाऱ्या हाताला तो जाणवणारही नाही. बरं वाटलं म्हणणारे दोन्हीकडे सारखेच, शंभरात पासष्ट-सदुसष्ट.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१४ साली अमेरिकेत २३० रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २४ आठवड्यांनी पीआरपीवाल्यांपैकी सुमारे ८४ टक्के आणि बाकीच्यांपैकी ६८ टक्के लोकांना उतार होता. पीआरपी मानणारे डॉक्टर तो पुढे ठेवतात. ते असंही म्हणतात, की सगळीकडचं पीआरपी एकसारखं नसतं. यंत्र वेगळं, फिरवण्याचा वेग वेगळा, त्यात पांढऱ्या पेशी ठेवल्या की काढल्या ते वेगळं, आणि प्रत्येकाचं रक्त वेगळं. हे खरं आहे. पण मग रोग्याने विचारायला हवं, की माझ्या कोपरात जे जाणार, ते यांतलं कुठलं? आणि त्याच अभ्यासात मला तो ६८ चा आकडाही महत्त्वाचा वाटतो. पीआरपी न मिळालेल्या शंभरातल्या ६८ जणांनासुद्धा उतार पडला होता.

या दुखण्याची खरी गंमत इथेच आहे. बहुतेकांचं कोपर वर्षा-दीड वर्षात आपोआप बरं होत जातं. माणूस इंजेक्शनाकडे वळतो तो दुखणं अगदी शिगेला पोचल्यावर. त्यानंतर ते उतरणारच असतं. मग उतरलं, की श्रेय शेवटच्या इलाजाला. माझे एक शिक्षक मित्र पीआरपी घेऊन बरे झाले. ते शपथेवर सांगतात, की इंजेक्शनाने गुण आला. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. त्यांचं दुखणं गेलं हे खरं, आणि त्याचा मला आनंद आहे. पण कशाने गेलं, हे एका माणसाच्या कोपरावरून ना त्यांना सांगता येईल, ना मला. त्यासाठीच शेकडो माणसांचे दोन गट करावे लागतात.

आमच्या घरी दुआ आणि दवा ही जोडी बोलण्यात नेहमी येते. काळ हा त्यांच्यातला तिसरा. बिचारा काम करतो आणि बिल पाठवत नाही, म्हणून त्याचं नाव कुठल्याच पत्रकावर नसतं.

पण नुसतं ‘थांबा’ म्हणणंही सोपं नाही. नोकरदाराला रजा असते. आपाला कुठली? म्हणून थांबायचं म्हणजे काय करायचं, हे ठरवावं लागतं. आम्ही दुसऱ्या एका वयस्कर डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आपाला तिच्या कामाविषयी विचारलं. कापड कुठे कापता, कात्री किती जुनी, मशिन पायाची की मोटरची. अर्धा तास ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘ताई, कोपर तुमच्या कात्रीने बिघडवलंय. आधी तिला धार लावा.’’

धार गेलेली कात्री दुप्पट जोर मागते. धारवाल्याकडून कात्री आणली, शिवाय एक हलकी घेतली. जमिनीवर बसून कापण्याऐवजी कमरेइतक्या उंच टेबलावर कापायला सुरुवात केली. एका बैठकीत दहा ब्लाउज कापायचे, ते तीन-तीन करून दिवसभरात विभागले. बादली आणि पातेलं उचलताना तळवा वर ठेवून, दोन्ही हातांनी. कपडे पिळायचं काम भाचीकडे. आणि फिजिओथेरपीच्या ताईंनी शिकवलेला व्यायाम: हात टेबलावर, मनगट कडेबाहेर, हातात पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली. दुसऱ्या हाताच्या मदतीने मनगट वर घ्यायचं आणि मग बाटली अगदी सावकाश खाली सोडायची. थोडं दुखलं तर चालेल, रात्रभर ठणकलं तर वजन कमी करायचं. कंडरेच्या धाग्यांना पुन्हा ओळीत आणायचं, तर त्यांना बेताचा ताण द्यावाच लागतो, असं त्या म्हणाल्या.

हे सगळं कंटाळवाणं आहे. चार-सहा आठवडे तर काहीच फरक दिसत नाही. आपा दोनदा वैतागली. पण २०२४ च्या ईदचे कपडे तिने शिवले, काम थोडं कमी घेऊन आणि इंजेक्शन न घेता. आता पावसाळी हवेत कधीमधी कोपर आठवण देतं, एवढंच. व्यायामाने गुण आला की काळाने, असं विचाराल, तर माझ्याच न्यायाने मला सांगता येणार नाही. भाचीची फी मात्र वेळेवर भरली गेली, हे नक्की सांगता येतं.

पीआरपी घेऊच नका, असं मी म्हणत नाही. आपलंच रक्त असल्यामुळे त्याची ॲलर्जी सहसा येत नाही. टोचल्यावर दोन-चार दिवस ठणका वाढतो, क्वचित जंतुसंसर्गाचा धोका असतो. वर्ष लोटलं, व्यायाम मनापासून करून झाला, तरी हात उचलत नाही, आणि पैसे बाजूला काढता येत आहेत, असं कुणी डॉक्टरांशी बोलून ते घेतलं, तर तो त्याचा विचारपूर्वक निर्णय. आणि बोटांना मुंग्या येत असतील, हात बधिर होत असेल, सांधा सुजून गरम झाला असेल किंवा ताप असेल, तर ते टेनिस एल्बो समजून घरी बसू नका. लगेच दाखवा.

माझं म्हणणं एवढंच, की इंजेक्शन आशा म्हणून दिलं तर ती आशा आहे, आणि खात्री म्हणून विकलं तर तो कोपराचा गूळ आहे. दोन्हींतला फरक ओळखायला वैद्यकाची पदवी लागत नाही. डॉक्टरांसमोर बसल्यावर नम्रपणे विचारायचं: हे कशापेक्षा बरं? आणि काहीच केलं नाही तर वर्षभरात माझं काय होईल? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. ते खुर्ची पुढे ओढून बोलू लागतात. आणि ज्यांना राग येईल, त्यांना काय करायचं, त्याचीही सोय मराठीने करून ठेवली आहे. कोपरापासून हात जोडायचे.